साप सोडून भुई धोपटणं: ‘सोलकॅलिबर ६’वरच्या चार आरोपांना उत्तर

फायटिंग गेम खेळणाऱ्यांत ‘सोलकॅलिबर ६’ या शस्त्रांनी लढायच्या व्हिडिओ गेमचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आरोप मात्र ठरलेले. पहिला, १९९८ च्या पहिल्या ‘सोलकॅलिबर’चीच गोष्ट पुन्हा सांगितली, म्हणजे शिळ्या कढीला ऊत. दुसरा, ‘रिव्हर्सल एज’ हा नवा डाव आणून तलवारबाजीचा दगड-कागद-कात्री करून टाकला, आता जिंकणं नशिबावर. तिसरा, पात्रं बाजूला काढून वेगळ्या पैशाने विकायची हाव याच भागाने आणली. आणि चौथा, या भागानेच मालिका मारली.

मी ही मालिका दुसऱ्या भागापासून खेळतो. प्लेस्टेशन २ वर, तासाचे पैसे मोजून, मागे उभ्या असलेल्या पोरांच्या शेरेबाजीत. त्यामुळे २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये सहावा भाग आला तेव्हा माझा जीव त्यात गुंतलेला होता, आणि आजही या भागाबद्दल माझं मन एका बाजूला लागत नाही. काही गोष्टी चुकल्या आहेत, चांगल्याच चुकल्या आहेत. पण वरच्या मजकुरात त्यांचा पत्ताच नाही. जे साधलं तेच झोडपलंय.

सर्वांत जड आरोप दुसरा, म्हणून आधी तोच घेतो.

रिव्हर्सल एज म्हणजे काय, हे न खेळलेल्यांसाठी थोडक्यात. एक बटण दाबलं की आपलं पात्र पवित्रा घेतं, समोरून येणारे वार शस्त्रावर झेलतं आणि उलटा वार काढतं. तो भिडला की कॅमेरा जवळ येतो, वेळ संथ होते आणि दोघांनी एकेक निवड करायची: आडवा वार, उभा वार की लाथ. तिघांचं एकमेकांवर मात करणारं चक्र आहे. शिवाय अडवता येतं, सरकता येतं. आरोप करणारे इथेच थांबतात आणि म्हणतात, बघा, दगड-कागद-कात्री.

पण त्या संथ क्षणापर्यंत आपण पोचलो कसे? समोरचा पवित्रा घेऊन उभा असताना आपण आंधळेपणाने वार टाकला म्हणून. रिव्हर्सल एज मोडणारे ‘ब्रेक अटॅक’ प्रत्येक पात्राकडे आहेत, ते निघतात तेव्हा शस्त्रावर लखलख दिसते. आणि तो उलटा वार सरळ रेषेत येतो, म्हणजे पाऊल बाजूला टाकलं की हुकतो. आठ दिशांना मोकळं फिरणं हा या मालिकेचा १९९८ पासूनचा प्राण आहे. उभ्या वाराला बगल देता येते, बगल देणाऱ्याला आडवा वार गाठतो, हे पहिल्या दिवशी शिकायचं सूत्र. रिव्हर्सल एजवरचा उतारा त्याच सूत्रात आहे.

माझ्या भाच्याने मला हे तीन संध्याकाळींत शिकवलं. तो नवखा, मी मुरलेला. त्याने मित्सुरुगी घेतला, मी नेहमीप्रमाणे लांब काठीवाला किलिक. मी पुढे येऊन काठी फिरवली की तो एकच बटण दाबायचा. काठी त्याच्या तलवारीवर आपटायची, वेळ संथ व्हायची, आणि तो ओरडायचा, “मामा, परत अडकलास!” पहिल्या संध्याकाळी मी सातातले पाच सामने हरलो आणि मनातल्या मनात ‘नशीब, नशीब’ म्हणत राहिलो.

दुसऱ्या दिवशी काठी फिरवण्याऐवजी मी एक पाऊल थांबलो. त्याने सवयीने बटण दाबलं. मी डावीकडे सरकलो, मित्सुरुगीची तलवार माझ्या खांद्याशेजारून सरळ खाली गेली आणि मोकळ्या पडलेल्या कुशीत काठी बसली. तो रिंगणाच्या कडेला उभा होता. दुसऱ्या फटक्याला तो खाली गेला. रिंग आउट, म्हणजे रिंगणाबाहेर पडून हार. भाचा काही क्षण पडद्याकडे नुसता बघत राहिला. मग म्हणाला, “हे कसं केलंस?”

तिसऱ्या संध्याकाळी त्याने ते बटण जेमतेम चार-पाच वेळा वापरलं, तेही मी एकाच तालात वार टाकायला लागलो तेव्हाच. नशिबाचा खेळ असता तर तिसऱ्या दिवसाचा निकाल पहिल्यासारखाच लागला असता. नवख्याला पहिल्याच दिवशी मुरलेल्यासमोर उभं राहायला आधार मिळाला, आणि मुरलेल्याला तो आधार कसा काढून घ्यायचा हे शिकावं लागलं. यात नशीब कुठे आहे?

इथे एक गोष्ट मान्य करतो, कारण ती मला आजही खटकते. तो संथ क्षण लढतीचा ताल मोडतो. पहिल्यांदा अंगावर काटा येतो, पाचव्यांदा हात शिवशिवायला लागतात. बघणाऱ्याला तर कंटाळाच. तो निम्म्या वेळात उरकला असता तर निम्म्या तक्रारी जन्मालाच आल्या नसत्या.

पण याच लढत-पद्धतीने काय परत दिलं, ते त्या मजकुरात कुणी का लिहीत नाही? पाचव्या भागात ‘गार्ड इम्पॅक्ट’, म्हणजे ऐन वेळी समोरच्याचं शस्त्र झटकून त्याचा तोल घालवण्याची युक्ती, वापरायला गेज, म्हणजे लढता लढता भरत जाणारी शक्तीची पट्टी, खर्च करावा लागायचा. १९९५ च्या ‘सोल एज’ या मूळ गेमपासून चालत आलेला हा या मालिकेचा सर्वांत सुंदर क्षण, आणि त्याला किंमत लावली होती. सहाव्याने तो पुन्हा फुकट केला. वेळ साधता आली की झाली. जोडीला ‘लीथल हिट’ आले. ठरावीक वार ठरावीक प्रसंगी बसला तरच त्याचं मोठं फळ मिळतं, आणि ते प्रसंग प्रत्येक पात्राचे वेगळे. ते पाठ करून, हेरून, वाट बघून साधावे लागतात. नशिबावर खेळ सोडायचा असता तर हे कशाला बांधलं असतं?

आता पहिला आरोप, शिळ्या कढीचा. यात एक सत्य आहे: सहावा भाग खरंच पहिल्या ‘सोलकॅलिबर’च्या काळात परत जातो, सोळाव्या शतकाच्या अखेरीला. पण का जातो, हे कळायला २०१२ आठवावं लागतं. पाचव्या भागाने गोष्ट १७ वर्षं पुढे ढकलली. सोफिटिया गेली, तिची मुलं पॅट्रोक्लोस आणि पिर्रा नायक झाली. ताकीच्या जागी तिची शिष्या नात्सु आली. शिआंगहुआच्या जागी तिची मुलगी. आणि माझा किलिक? नाव यादीत होतं, पण स्वतःची लढण्याची पद्धतच नव्हती. तो प्रत्येक सामन्यात दुसऱ्या कुणाची तरी नक्कल करायचा. असली नक्कल करणारी पात्रं त्या यादीत तीन होती. किलिकची काठी शिबा नावाच्या नव्या पोराच्या हातात दिली होती. वर्षानुवर्षं ज्या माणसाच्या काठीचा पल्ला तुम्ही मनगटात मुरवलाय, तो तुमच्यासमोर उभा आहे आणि त्याला काठी धरता येत नाही. मला ते मनापासून लागलं होतं.

त्या भागात गोष्टही त्या भावंडांपुरतीच होती. बाकीच्यांच्या वाट्याला स्वतःचं कथानक आलंच नाही. सहाव्या भागात प्रत्येक पात्राला स्वतःचं कथानक आहे. आणि ते जुनं जसंच्या तसं नाही. झासलामेल, टीरा, टालिम, राफाएल ही मंडळी १९९८ च्या गेममध्ये नव्हतीच. ग्रो आणि अ‍ॅझवेल तर पूर्ण नवे. झासलामेलला भविष्याची दृश्यं दिसतात आणि त्याचा हेतूच बदलतो. पुढे कसांड्रा हे पात्र आलं तेव्हा तिच्या कथेत तिची गाठ जुन्या काळरेषेतल्या स्वतःशीच पडते. म्हणजे हा प्रवाह वेगळा आहे, मागच्या गोष्टी इथे तशाच घडतील असं नाही, हे गेम उघड सांगतो. ज्याने निम्म्यात सोडलं त्याला हे दिसणार नाही.

जाता जाता एक सांगतो, कारण मराठी वाचकाला ते जास्त जवळचं वाटेल. किलिकच्या काठीचं नाव आहे कलियुग. त्याच्या गळ्यातल्या आरशाचं नाव द्वापारयुग. आणि शिआंगहुआच्या तलवारीचं नाव कृतयुग. तीच तलवार पहिल्या भागाच्या अखेरीस खरी सोल कॅलिबर, म्हणजे मालिकेला नाव देणारी पवित्र तलवार, निघते. जपानी कंपनीचा गेम, गोष्ट चीनमधल्या मंदिराची, आणि पवित्र वस्तूंना नावं आपल्या युगांची! व्होल्डो हा इटालियन आंधळा रखवालदार दोन्ही हातांत चढवतो त्या कट्यारीच आहेत, आणि त्यांची नावं मनस् आणि आयुस्. ‘गोष्टीत काही नाही’ म्हणणाऱ्यांनी निदान शस्त्रांच्या यादीत एकदा डोकावावं.

गोष्टीबद्दल माझी तक्रार निराळी आहे. ती सांगितली जाते स्थिर चित्रांत. एक चित्र, खाली संवाद, मागे आवाज, मग पुढचं चित्र. चित्रं देखणी आहेत, पण लढाईच्या ऐन प्रसंगी तलवार उगारलेली दिसते आणि खाली पडतच नाही. ‘लिब्रा ऑफ सोल’ या दुसऱ्या कथेत तर वाचन इतकं, की हातातला कंट्रोलर थंड पडतो. शिळं काही नाही, वाढण्यात कंजूषपणा झाला.

तिसऱ्या आरोपाला फार जागा लागत नाही. टीरा पहिल्याच दिवशी वेगळ्या पैशाने विकली, हे चुकलंच. तिसऱ्या भागापासूनचं लाडकं पात्र, गेम दुकानात येतो त्या दिवशी तयार, आणि तरी बाहेर ठेवलं. मला राग आला होता आणि तो गेलेला नाही. पण ‘याच भागाने हाव आणली’ हे खोटं आहे. २००८ च्या चौथ्या भागात प्लेस्टेशनवाल्यांना ‘स्टार वॉर्स’मधला डार्थ व्हेडर होता आणि एक्सबॉक्सवाल्यांना योडा, मग दुसऱ्याचा पाहुणा हवा तर पैसे मोजा. २०१२ च्या पाचव्यात दांपिएर आगाऊ नोंदणी करणाऱ्यांसाठी राखून ठेवला होता. सवय जुनी आहे. शिवाय सहाव्यात पहिल्याच दिवशी २० पात्रं होती, त्यांत पाचव्याने वगळलेल्या सोफिटिया, ताकी, शिआंगहुआ, टालिम, सेओंग मी-ना, झासलामेल हे सगळे परतले होते. इन्फर्नो हे पात्र त्यावर वेगळं.

राहिला चौथा, मालिका मारल्याचा.

तारखा बघा. चौथा भाग २००८, पाचवा २०१२, सहावा २०१८. म्हणजे सर्वांत लांब खंड पाचव्या आणि सहाव्याच्या मध्ये पडला. त्या सहा वर्षांत, २०१४ साली, मिळालं काय? ‘लॉस्ट स्वोर्ड्स’, एकट्याने खेळायचा फुकट गेम, ज्यात समोर माणूसच नव्हता. दोन माणसांनी शेजारी बसून खेळायच्या मालिकेची ती अवस्था होती. मालिका मेल्यागत पडली होती ती तेव्हा. सहाव्याने तिला उठवून २०१९ च्या इव्होच्या, म्हणजे फायटिंग गेमच्या सर्वांत मानाच्या स्पर्धेच्या, मुख्य यादीत नेऊन बसवलं. कसांड्राची घोषणा तिथल्याच मंचावर झाली. त्यानंतर हिल्डे, ‘सामुराय शोडाउन’मधला हाओमारू, सेत्सुका, आणि २०२० च्या डिसेंबरमध्ये ह्वांग. मारलेल्या मालिकेत दोन वर्षं पात्रं भरली जात नाहीत.

घाव कशाने बसला, हे विचाराल तर माझं बोट नेटकोडवर, म्हणजे ऑनलाइन लढत दोन्ही बाजूंना जुळवून ठेवणाऱ्या पद्धतीवर, आहे. सहाव्या भागाची ऑनलाइन लढत ‘डिले’ पद्धतीची आहे. समोरच्याचं बटण तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर गेम दोघांनाही थांबवतो. रोलबॅक पद्धतीत गेम अंदाजाने पुढे जातो आणि चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो, त्यामुळे हात आणि पडदा जोडलेले राहतात. डिलेमध्ये तो धागा क्षणाक्षणाला सैल-घट्ट होतो. ज्या गेममध्ये गार्ड इम्पॅक्टची वेळ डोळ्याची पापणी लवण्याइतकी, तिथे ती वेळच दर सामन्यात वेगळी! आणि २०२० मध्ये स्पर्धा बंद पडल्या, इव्हो रद्द झाली, सगळ्यांना घरी बसून ऑनलाइनच खेळावं लागलं. नेमक्या त्या वर्षी हा गेम जिथे सर्वांत कच्चा होता तिथेच त्याची परीक्षा झाली. रिव्हर्सल एजवर हजार ओळी लिहिणाऱ्यांनी यावर दहा ओळी लिहिल्या असत्या तर माझा एवढा खटाटोप वाचला असता.

भाचा आता नोकरीसाठी बंगळूरला असतो. आम्ही एकमेकांशी ऑनलाइन खेळत नाही, तसं ठरवूनच टाकलंय. तो दिवाळीला येतो तेव्हा मी आदल्या रात्री दोन्ही कंट्रोलर चार्जिंगला लावून ठेवतो. गेल्या खेपेला त्याने मित्सुरुगी सोडून व्होल्डो घेतला, कट्यारी घेऊन पाठमोरा उभा राहिला आणि म्हणाला, “आता सरक बघू, मामा.” मी सरकलो. या वेळी त्याने आडवा वार काढला.