हवेत लटकलेला नळ, आणि आमचं दांडिया बाजारातलं भांडण

परवा रविवारी सकाळी बडोद्यात, दांडिया बाजारातल्या आमच्या कट्ट्यावर जे झालं ते लिहून ठेवतोय, कारण दीड तास भांडूनही विषय संपला नाही आणि माझ्या डोक्यातून तो अजून जात नाहीये.

सुरुवात मंदारच्या मोबाईलपासून झाली. कोणीतरी त्याला व्हिडिओ पाठवलेला, एका तलावाच्या मधोमध हवेत एक भलामोठा पितळी नळ, मागे पाईप नाही, वर तार नाही, खाली खांब नाही, आणि त्यातून धो धो पाणी पडतंय. स्पेनमधला म्हणे. शिरीषनी बघितला आणि एकदम खुश, "काय भारी आहे यार, असं एक आपल्या सुरसागर तलावामध्ये पाहिजे." मंदार लगेच उखडला. "यात भारी काय? पाण्याच्या आत पाईप लपवलाय. ही फसवणूक आहे, हिला कला कोण म्हणतं?"

झालं. सेव उसळची प्लेट हातात तशीच राहिली.

आता ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या नळाला पाणी वरून कुठूनच येत नाही. खालच्या कुंडात पंप असतो, तो पाणी एका उभ्या पाईपातून वर ढकलतो, ते नळाच्या तोंडापर्यंत जातं, तिथून उलटं वळतं आणि त्याच पाईपाच्या बाहेरून चारी बाजूंनी खाली पडतं. म्हणजे आपल्याला जी धार वाटते तिच्या पोटात पाईप, आणि नळाचं सगळं वजन त्या पाईपावर. नळ पाणी देत नाही, पाण्यातला पाईप नळाला धरून ठेवतो.

अश्विनभाई आमच्यात बसतात, तीस वर्षं प्लंबिंगचं काम, मराठी आमच्यापेक्षा स्वच्छ बोलतात. ते इतका वेळ गप्प होते. मग उठले आणि सेव उसळच्या लारीवर, म्हणजे हातगाडीवर, हात धुवायचं जे पिंप असतं ना, त्याची तोटी अगदी हळू उघडली. "बघा." धार काचेच्या कांडीसारखी, हलत पण नव्हती, तिच्यामागे पिंपावर रंगवलेलं लारीचं नाव जरा वाकडं पण नीट दिसत होतं. वरती जाड, खाली येता येता बारीक. मग तोटी अजून फिरवली, धार फाटली, पांढरी झाली, मागचं काही दिसेना. "तुमच्या त्या नळाला ही दुसरीवाली धार लागते. पारदर्शक पाईप टाकला तरी पाण्यात तो पूर्ण गायब होत नाही, कडा चमकतात. पाणी फेसाळलं की मगच लपतो." बरोबरच आहे, पाणी आणि अॅक्रिलिक (पारदर्शक प्लास्टिक) दोघांमधून प्रकाश सारखा वाकत नाही, पाण्याचा आकडा (अपवर्तनांक) 1.33 आणि अॅक्रिलिकचा 1.49 च्या आसपास, म्हणून कड उठून दिसतेच.

मंदार म्हणाला, "मी तेच सांगतोय, लपवालपवी आहे. आणि परत तोच नळ वॉटरपार्कमध्ये, तोच रिसॉर्टमध्ये, एकानी केला की सगळ्यांनी केला. कला म्हणजे काहीतरी सांगायला पाहिजे." मंदार फाईन आर्ट्सवाला आहे, युनिव्हर्सिटीत 1950 पासूनची ती फॅकल्टी, बडोद्याला तिचा केवढा अभिमान, त्यामुळे तो बोलला की आम्ही जरा ऐकतो. पण या वेळी मला पटलं नाही आणि मी बोललो.

मी म्हटलं, ऑस्ट्रियात साल्झबुर्गजवळ हेलब्रुन नावाचा एक महाल आहे. 1612 च्या सुमारास मार्कुस सिट्टिकुस नावाच्या आर्चबिशपनी तो बांधायला घेतला आणि बागेत पाण्याचे खेळ करून ठेवले. दगडी टेबल, भोवती दगडी बैठका, पाहुणे जेवायला बसले की बैठकीतून पाणी उडायचं, आर्चबिशपची जागा तेवढी कोरडी. ते सोडा, ती मस्करी झाली. पण तिथेच एका गुहेत धातूचा एक मुकुट आहे, खालून पाण्याची धार येते आणि तो मुकुट धारेवर उचलला जातो, पाणी वाढवलं की वर, कमी केलं की खाली. आत पाईप नाही, दांडी नाही, काही नाही. चारशे वर्षं होऊन गेली, लोक आजही उभं राहून बघतात. म्हणजे नळवाल्या कारंज्यात वाटतं की पाणी नळातून येतंय आणि नळ आपोआप तरंगतोय, दोन्ही खोटं. मुकुटात वाटतं की पाण्यानी धातूचा मुकुट उचलला, आणि तो खरंच उचललेला असतो. मला हा फरक फार मोठा वाटतो.

शिरीष म्हणाला, मग तो ग्रॅनाईटचा गोळा पण त्यातलाच ना. हो, अगदी त्यातलाच. अमेरिकेत रिचमंडला सायन्स म्युझियमच्या बाहेर असा एक आहे, वजन साधारण 29 टन, आणि लहान पोरगं हातानी फिरवतं. लोकांना वाटतं दगड पाण्यावर तरंगतोय. ग्रॅनाईट पाण्यापेक्षा पावणेतीन पट जड, तो कसला तरंगतोय. गोळा आणि त्याच्या खालची वाटी इतकी एकमेकांना बसती घासलेली असतात की मध्ये पाण्याचा कागदासारखा थर दाबानी भरला जातो आणि दगडाला दगड लागतच नाही. डोळ्याला चकवणारी गोष्ट आहे, पण त्यात लपवलेलं काही नाही, आहे ती कारागिराची घासाई. मला तर यापुढे नळ फिका वाटतो, हे मी मंदारला तेव्हाच कबूल केलं.

मंदार जरा नरमला, पण त्याला बोलायचं होतं शिल्पकार अनिश कपूरबद्दल. 2014 च्या कोची बिएनालेला, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनाला, मंदार गेलेला, तिथे अॅस्पिनवॉल हाऊसमध्ये कपूरचा 'डिसेन्शन' बघितला. जमिनीत एक भोवरा, काळं पाणी सतत गरगरतंय, मधे खड्डा, तळ दिसत नाही. मंदार म्हणाला, "मला माहीत होतं खाली मोटर आहे. तरी पाय पुढे जाईना. आवाज छातीत जाणवत होता, आणि वाटत होतं की हे पृथ्वीच्या पोटात चाललंय." बोलताना त्यानी हाताचा पंजा वाटीसारखा करून हळूहळू फिरवला, आम्ही तिघं त्या पंजाकडेच बघत होतो. नंतर 2017 ला न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिन ब्रिज पार्कात तेच काम 26 फूट रुंद करून बसवलं होतं.

आता मी त्याला पकडलं. "तुला मोटर माहीत होती आणि तरी पाय अडला, बरोबर? मग नळातला पाईप माहीत झाल्यावर मजा संपते असं का म्हणतोस?" त्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "कारण नळामध्ये पाईप कळला की बघायला उरत काही नाही. भोवऱ्यात मोटर कळली तरी भोवरा उरतो." हे मात्र मला तिथल्या तिथे पटलं, आणि अजून पटतंय.

इथे नंदूकाका आले. वय सत्तर, रोज सकाळी कमाटी बाग, म्हणजे सयाजी बाग. त्यांना पाण्याची कारंजी वगैरे आवडतच नाहीत, 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीचं पाणी त्यांच्या घरात शिरलेलं, कमरेएवढं. "पाण्याशी खेळ कसला करता रे, आणि वाया किती जातं." शिरीषनी सांगितलं, "काका, वाया नाही जात, तेच पाणी फिरतं, उडून आणि वाळून जाईल तेवढंच वरून टाकायचं." काकांनी मान हलवली पण पटलं असं दिसलं नाही. मग स्वतःच म्हणाले, "आपल्या बागेत फुलांचं घड्याळ आहे की. यंत्र सगळं जमिनीखाली, वर नुसती झाडं आणि काटे. लहानपणी मला वाटायचं झाडंच काटे फिरवतात. बाबांनी सांगितलं खाली मशीन आहे. तरी रोज बघायला जायचो." सयाजीरावांच्या बागेतलं ते घड्याळ आम्ही सगळ्यांनी इतक्यांदा बघितलंय की त्याला कोणी चकवा म्हणतच नाही, पण आहे तो चकवाच, आणि काकांनी एका वाक्यात माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडली.

मध्ये एक फाटा फुटला तो पण सांगतो. शिरीषनी दुसरा व्हिडिओ काढला, पाण्याचे थेंब खालून वर जातायत. मंदार म्हणाला एडिटिंग. नाही. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठाच्या हॅरोल्ड एजर्टननी चमकणाऱ्या दिव्याखाली हे उघड्या डोळ्यांना दाखवलं होतं. सेकंदाला 60 थेंब पडतात आणि दिवा 60 वेळा चमकतो, तर दर वेळी पुढचा थेंब आधीच्याच जागी दिसतो, सगळे हवेत थिजलेले. दिवा 61 वेळा चमकला की थेंब तिथे पोचायच्या जरासा आधीच दिसतो, म्हणजे थोडा वर, आणि सगळी माळ वर चढायला लागते. आपल्याकडे जुन्या ट्यूबलाईटखाली पंखा उलटा फिरल्यासारखा वाटायचा ना, तीच भानगड. फक्त याला अंधार लागतो, आणि तसा झगमगता दिवा काही लोकांना त्रासदायक असतो, फिट येणाऱ्यांना तर फारच, त्यामुळे भर चौकात नको.

शिकागोचं मात्र सगळ्यांना आवडलं, मंदारला पण. मिलेनियम पार्कातलं क्राऊन फाउंटन, शिल्पकार जाउमे प्लेन्सानी 2004 ला केलेलं. काचेच्या विटांचे दोन मनोरे, 50 फूट उंच, समोरासमोर, त्यावर शहरातल्या साधारण हजार साध्या माणसांचे चेहरे एकामागून एक, चेहरा ओठांचा चंबू करतो आणि बरोबर तिथूनच पाण्याची धार बाहेर येते. तोटी मनोऱ्यात आहे हे पोरांनाही माहीत, तरी ती धारेखाली उभी राहून वाट बघतात. मंदार म्हणाला, "हे सांगतं काहीतरी. शहराचं तोंड शहराच्या पोरांवर पाणी उडवतंय." माझ्या मते यात अजून एक गोष्ट आहे, तिथे कठडा नाही, पाणी पायाखाली पातळ पसरलेलं, कोणीही आत जातं. आपल्याकडे कारंजं म्हटलं की आधी रेलिंग.

आणि मग अश्विनभाईंनी जे म्हटलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या घराजवळच्या एका सर्कलवर कारंजं लागलं होतं, नाव घेत नाही, पहिले चार महिने काय गर्दी व्हायची, मी माझ्या मुलीला खांद्यावर घेऊन तिथे उभा राहिलोय. नंतर एक जेट बंद, मग तीन, मग पाणी हिरवं, आता त्यात वेफर्सची पाकिटं आहेत. मुलगी अजून विचारते कधी चालू होणार. अश्विनभाई म्हणाले, "साधं कारंजं बंद पडलं तर बंद पडलं. चकव्याचं कारंजं अर्धं बंद पडलं तर उघडं पडतं. प्रेशर थोडं कमी, की पाण्याची साल फाटते आणि आतला पाईप दिसतो, त्यावर शेवाळ, बोअरचं पाणी असेल तर क्षाराचे पांढरे थर. फिल्टर रोज बघायला लागतो. पंप जास्तीचा ठेवायला लागतो. ज्याच्याकडे चावी आहे तो माणूस पाहिजे, रोज येणारा." मी विचारलं, आणि तो गोळा? "गोळ्याला तर अजून जास्त. थर कागदाएवढा म्हणता ना, मग वाळूचा एक कण पुरे."

शिरीषला वाटत होतं हे ऐकून विषय संपला, इथे होणारच नाही. मला उलट वाटलं. हेलब्रुनला चारशे वर्षं चाललं ते चावी फिरवणारं माणूस रोज तिथे असतं म्हणून. तर आपण मागायचं असेल तर नळ नको मागायला, त्या माणसाचा पगार आधी मागायला पाहिजे, मग त्याला जमेल ते कारंजं.

मंदार म्हणाला, आधी करून तर बघू. अश्विनभाईंकडे दीड इंची पारदर्शक पाईपाचा एक मीटरचा तुकडा पडलाय, कूलरचा पंप शिरीषकडे आहे. पितळी नळ जड होईल का यावरून परत वाद झाला. अश्विनभाई म्हणाले, वजनाचं सोडा, कूलरच्या पंपानी पाईपाच्या चारी बाजूंनी सारखं पाणी पडणार नाही, एका अंगाला उघडा राहील. काका उठता उठता म्हणाले घमेलं माझ्याकडचं घ्या, पण पाणी अंगणात सांडलेलं चालणार नाही.

येत्या रविवारी साडेआठला, काकांच्या ओट्यावर. पितळी नळ कोणाकडे जुना पडला असेल तर घेऊन या.