रात्रीच्या विजेचा हिशेब

नमस्कार. इतक्या मनापासून लिहिलंत, त्याबद्दल आभार. तुम्ही अणुऊर्जेची बाजू मांडलीत. तुमचा आक्षेप असा, की मी माझ्या लेखात सौर विजेचा नुसता युनिटचा दर दाखवून ती स्वस्त ठरवली, रात्रीचा खर्च लपवला आणि अणुऊर्जेची उगाच भीती घातली.

पहिली गोष्ट मान्य. लपवायचा हेतू नव्हता, पण हिशेब अर्धाच मांडला गेला. २०१० नंतरच्या दहा वर्षांत सौर पॅनेलच्या किमती सुमारे ९० टक्क्यांनी उतरल्या, हे खरंच आहे. पण तो दर भर दुपारच्या विजेचा. दिवेलागणीला मागणी वाढते तेव्हा पॅनेल थंड पडलेली असतात. बॅटरी ती संध्याकाळ निभावून नेते. सलग आठवडाभर आभाळ भरलेलं असेल तर तिचाही इलाज चालत नाही. मग राखीव केंद्रं आणि लांबच्या पारेषण वाहिन्या लागतात. हा खर्च पॅनेलच्या बिलात दिसत नाही, पण ग्राहकाच्या बिलात येतोच.

भीतीबद्दल मात्र तुमचा गैरसमज झाला आहे. १९८६चं चेर्नोबिल आणि २०११चं फुकुशिमा हे अणुअपघात धरूनही, तेवढीच वीज बनवताना अणुऊर्जेपेक्षा कोळशाच्या धुराने कितीतरी पट अधिक माणसं मरतात. तो धूर रोजचा, म्हणून त्याची बातमी होत नाही. निरुपद्रवी वाटणाऱ्या जलविद्युतेचंही तसंच: १९७५ साली चीनमधलं बानछियाओ धरण फुटलं आणि हजारो माणसं गेली.

माझी हरकत आहे ती वेळेला. अणुकेंद्रात इंधनाचा खर्च थोडा, बांधकामाचा प्रचंड. त्यामुळे काम रखडलं की व्याजच प्रकल्प खातं. फ्रान्समधल्या फ्लामानव्हिलच्या नव्या अणुभट्टीचं काम २००७ साली सुरू झालं, अंदाज ३.३ अब्ज युरोंचा होता. ती ग्रिडला जोडली गेली डिसेंबर २०२४मध्ये आणि खर्च १३ अब्जांच्या पुढे गेला. फिनलंडची ओल्किलुओतो-३ सुद्धा २००५ ते २०२३ अशीच रेंगाळली. त्या सगळ्या वर्षांत तिच्या वाट्याची वीज दुसरीकडूनच आणावी लागली. तो भुर्दंड तुमच्या हिशेबात कुठे आहे?

यावर तुम्ही अमिरातीतल्या बराकाहचं नाव घ्याल, आणि ते योग्यच आहे. तिथे एकाच आराखड्याच्या चार अणुभट्ट्या २०१२ ते २०२४ या काळात उभ्या राहिल्या. तेच डिझाइन, तीच अनुभवी माणसं, म्हणून काम मार्गी लागलं. अशी तयारी असलेल्या देशाने अणुऊर्जा जरूर घ्यावी. शिवाय चालू, सुस्थितीतली केंद्रं कुणी मुदतीआधी बंद करू नयेत. जर्मनीने कोळसा चालू ठेवून १५ एप्रिल २०२३ला शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद केल्या, तो निर्णय मला आजही चुकीचा वाटतो.

मूळ लेखात सौर दराच्या शेजारी साठवणुकीसह येणारा दर आज जोडतो आहे. तुम्हीही अणुऊर्जेचा दर मांडताना बांधकामाची वर्षं आणि त्यांवरचं व्याज धरून मांडा, मग पुढे बोलू.