परमिट

माझ्या गाडीचा आणि माझ्या वडिलांचा स्वभाव एकच आहे, हे कळायला मला २००८चा उन्हाळा लागला. दोघंही मदत करतात. फक्त ती कधी करायची, हे ते ठरवतात.

गाडी म्हणजे २००० सालची होंडा इनसाइट. अमेरिकेत विकायला आलेली पहिली हायब्रिड, म्हणजे पेट्रोलला विजेची जोड असलेली गाडी, टोयोटाची प्रियस इथे पोचायच्या काही महिने आधीची. अंग ॲल्युमिनियमचं, इंजिन तीन सिलिंडरचं, जेमतेम एक लिटरचं, वजन साडेआठशे किलोच्या आसपास. वारा अडू नये म्हणून मागची चाकं अर्धी झाकलेली. गाडीनं परकर नेसलाय, असं माझ्या बायकोचं मत. सीट दोन. घरात माणसं तीन. मी ती थर्डहँड घेऊन दारात उभी केली, तेव्हा तिसऱ्या माणसानं कुठे बसायचं यावर आमच्याकडे जी चर्चा झाली ती इथे छापण्यासारखी नाही.

पण त्या वर्षी कॅलिफोर्नियात पेट्रोल गॅलनला साडेचार डॉलरच्या घरात गेलं होतं आणि ही गाडी हायवेला लिटरमागे तीसेक किलोमीटर देते अशी ख्याती होती. शिवाय तिच्यावर ते पिवळं स्टिकर होतं. म्हणजे गाडीत एकटाच असलो तरी कारपूलच्या मोकळ्या लेनमधून जायची सरकारी परवानगी. (बाबांना हे समजावताना माझी दमछाक झाली. "एकट्यानं जायचं तर मिळून जाण्याची लेन कशाला?" या प्रश्नाला माझ्याकडे अजून उत्तर नाही.)

आता मुख्य दुखणं. या गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये एक चपटी विजेची मोटर आहे. जाडी सहा सेंटिमीटर, जात्याच्या तळीसारखी. ॲक्सिलरेटर दाबला की ती इंजिनाला हात देते, ब्रेक लावला की उलट वीज तयार करून मागच्या बॅटरीत भरते. हे सगळं एक संगणक ठरवतो. त्याचा दोष नाही, पण त्याला फक्त माझा पाय दिसतो, पुढचा डोंगर दिसत नाही. मी राहतो फ्रीमाँटला. तिथून ६८० नंबरच्या हायवेनं उत्तरेला निघालं की सनोल ग्रेड नावाचा लांबलचक चढ लागतो. मी घरातून निघून मिशन बुलेव्हार्डच्या सिग्नलांवर थांबत-सुटत जाणार, संगणक प्रत्येक सिग्नलला उदारपणे वीज वाटणार, आणि खरा चढ आला की बॅटरीच्या काट्यावर दोन काड्या शिल्लक. मग तो म्हणणार, आता तर बॅटरीच भरायला हवी. आणि धापा टाकणाऱ्या इंजिनाकडूनच वीज काढून घ्यायला लागणार. म्हणजे मुलीच्या लग्नात शेजाऱ्यांना उसनं दिलं आणि मग वऱ्हाडाकडेच मागायला गेलो, असा प्रकार.

या गाडीच्या वेड्या मालकांपैकी एकानं यावर इलाज काढला होता. संगणकाकडून मोटरच्या नियंत्रकाकडे जाणाऱ्या तारांच्या मध्ये एक छोटी पेटी बसवायची. गिअरच्या मुठीवर अंगठ्यानं हलणारी बारकी कांडी. पुढे लोटली की मोटर जोर लावणार, मागे ओढली की बॅटरी भरणार. संगणकाला काय वाटतं ते त्यानं मनात ठेवावं. एका जुन्या मालकाकडून मी तो संच घेतला. खोक्यात पेटी, तारांचा झुपका, कांडी आणि छायाचित्रांसकट सूचना होत्या. शनिवारी सकाळी सुरू करून दुपारच्या जेवणाला हात धुऊन बसायचं, असा माझा बेत होता.

त्यात बाबा आले होते सहा महिन्यांसाठी.

बाबा वीज मंडळातून निवृत्त. नोकरीची बहुतेक वर्षं सबस्टेशनात ऑपरेटर. दर तासाला मीटर वाचायचे आणि लॉगशीटवर आकडे लिहायचे. ही सवय इतकी मुरलेली की फ्रीमाँटला आल्यावर पहिल्या आठवड्यातच आमचा फ्रिज दिवसातून किती वेळा सुरू होतो याची नोंद त्यांच्या डायरीत होती. "मी करू का मदत?" हे वाक्य ते उच्चारतात ते मदत करून झाल्यावर. माझ्या बायकोनं भाजी चिरायला घेतली की निम्मी आधीच चिरलेली असते, वेगळ्या आकारात.

शनिवारी सकाळी मी गॅरेजमध्ये गेलो तर बाबा हजर. गाडीच्या मागच्या भागातला गालिचा मी उचलला. खाली बॅटरी.

"किती व्होल्ट?"

"एकशे चव्वेचाळीस."

"एसी की डीसी?"

"डीसी."

बाबांचा चेहरा एकदम सबस्टेशनातला झाला. "डीसी धरून ठेवते," ते म्हणाले. "आत काय आहे?"

आत टॉर्चमध्ये घालतात तसल्या जाड आकाराचे १२० सेल ओळीनं जोडलेले असतात, असं मी सांगितलं. बाबा थोडा वेळ बघत राहिले. "म्हणजे ही खरोखरच बॅटरी आहे की रे! मी उगाच घाबरलो."

पण काम मात्र पद्धतीनंच व्हायला हवं होतं. लाइनवर चढायच्या आधी परमिट लागतं. परमिट घेतलं म्हणजे ऑपरेटरनं लाइन बंद केली, आणि काम संपवून वायरमननं ते परत दिल्याशिवाय कुणाचा बाप ती चालू करू शकत नाही. माझा बाप तर नाहीच नाही. त्यांनी स्वयंपाकघरातून एक बिल आणलं आणि त्याच्या पाठीवर लिहिलं: "परमिट क्र. १. लाइन: नारिंगी केबल. काम घेणार: चिरंजीव. वेळ ९.१०." माझी सही घेतली. मग मी बॅटरीवरचं छोटं झाकण काढून मुख्य स्विच बंद केला. कपॅसिटरमधली वीज उतरायला पाच मिनिटं थांबा, असं सूचनेत लिहिलेलं. बाबांनी घड्याळ लावून दहा मिनिटं थांबवलं. बायकोचे भांडी घासायचे रबरी हातमोजे मी चढवले, तर म्हणाले, "ते साबणापासून वाचवतात, विजेपासून नाही." मल्टिमीटरनं तपासून झाल्यावरच मला आत हात घालायला मिळाला.

इथपर्यंत मी त्यांचा ऋणीच होतो. पुढचं काम मात्र विजेचं नव्हतं, कसरतीचं होतं. मागच्या पेटीपासून पुढच्या गिअरपर्यंत केबल गालिच्याखालून न्यायची. त्यासाठी मी सीटवर डोकं खाली, पाय वर अशा अवस्थेत घुसलो. तोंडात टॉर्च. दहा नंबरचा पाना पाठीखाली, म्हणजे तो आहे हे समजत होतं पण काढता येत नव्हता. आणि कानाशी धावतं समालोचन. "डावीकडून घे. अरे, डावीकडून. तुझ्या नव्हे, गाडीच्या. तार अशी दुमडू नकोस. ते प्लास्टिक तुटेल बघ. तुटलं."

मी टॉर्च तोंडातून काढला आणि म्हणालो, "बाबा, मी विचारल्याशिवाय काहीही सांगू नका. प्लीज."

बाबा गप्प झाले. एक बादली पालथी घातली, तिच्यावर बसले आणि पुण्याहून आणलेला दिवाळी अंक उघडला.

शांततेत काम भराभर झालं, पण मला करमेना. लहानपणी आमच्याकडे लूना होती. लूना म्हणजे खरी आद्य हायब्रिड, इंजिन दमलं की पॅडल. मी मागे कॅरिअरवर बसायचो आणि आम्ही कात्रजच्या घाटातून शिरवळला आत्याकडे जायचो. पहिल्या वळणापर्यंत इंजिन. दुसऱ्या वळणाला बाबांचं पॅडल. तिसऱ्याला बाबा मागे न बघता म्हणायचे, "उतर." मग मी कॅरिअरला हात लावून ढकलत पळायचो. त्या गाडीचा असिस्ट मीच होतो, पूर्णपणे मॅन्युअल. कधी लागायचं ते बाबा ठरवायचे आणि त्यांचा अंदाज कधीही चुकला नाही. लूना चढावर एकदाही बंद पडली नाही. उलट माथ्यावर पोचल्यावर माझ्यासाठी थांबायची.

एक वाजता सगळे कनेक्टर बसले. मी वरचं झाकण लावायला घेतलं तेव्हा बाबांनी एकदा घसा खाकरला. मी दुर्लक्ष केलं. गालिचा अंथरला. किल्ली फिरवली.

ही गाडी एरवी आवाज न करता सुरू होते, कारण तीच चपटी मोटर इंजिन फिरवते. त्या दिवशी ती खर्र-खर्र-खर्र करत सुरू झाली. म्हणजे अडीअडचणीला ठेवलेला साधा स्टार्टर कामाला लागला होता. डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. मग लाल दिवा लागला. कांडी पुढे लोटली, काही नाही. मागे ओढली, काही नाही. गाडीला अल्टरनेटर नसतो, पुढची छोटी बॅटरीसुद्धा मागच्या मोठीवरच पोसली जाते. त्यामुळे पाच मिनिटांत हेडलाइट मलूल व्हायला लागले आणि मी गाडी बंद केली.

पुढचे दोन तास मी कसे काढले ते मला आणि त्या तारांच्या झुपक्याला ठाऊक. मी संगणकाचे प्रोग्राम लिहितो, त्यामुळे माझी पद्धत ठरलेली: एकेक काढायचं, परत लावायचं, आशेनं बघायचं. प्रत्येक कनेक्टर मी काढून फुंकर मारून बसवला. गाडी नव्या उमेदीनं खर्र-खर्र करत होती. बादलीवर पान उलटल्याचा आवाज येत होता.

शेवटी मी बाहेर आलो.

"बाबा, तुम्हाला काय वाटतं?"

"विचारतोयस?"

"विचारतोय."

"स्विच बंद आहे."

मी खाली बसलो. "कधीपासून माहीत होतं?"

"तू झाकण लावलंस तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"एक तर तू म्हणालास, विचारल्याशिवाय बोलू नका. आणि दुसरं," बाबांनी चष्मा काढून पुसला, "तू परमिट परत केलं नाहीस. परमिट हातात आल्याशिवाय लाइन चार्ज करत नाहीत. माणूस वर खांबावर असला तर?"

तसा मी खांबावरच होतो. मी म्हटलं, हे घ्या परमिट. खिसा चाचपला. गॅरेजभर शोधलं. मग लक्षात आलं की ते मिक्सरचं बिल होतं, आणि मिक्सर परत करायला बायको ते घेऊन दुकानात गेली होती. बाबांनी सकाळी ते चुकून उचललं होतं, आणि ती जाताना आमच्या अंगावरून, गाडीच्या टपावरून उचलून घेऊन गेली होती. मी म्हटलं, बाबा, आपण दोघेच आहोत, गॅरेजमध्ये आहोत, मी सुखरूप आहे, लावू का स्विच? बाबांनी नकारार्थी मान हलवली. नियम कशासाठी असतात, यावर एक छोटं व्याख्यान झालं. ते मी ऐकून घेतलं, कारण या वेळी विचारलं मी होतं.

चार वाजता बायको आली. "त्या दुकानातल्या मुलीनं विचारलं, मागे हे काय लिहिलंय, कुठली भाषा," ती म्हणाली. "मी सांगितलं, सासरे वीज मंडळात होते. तिला काही कळलं नाही, पण पैसे परत मिळाले." दुकानदारानं शिक्का मारून ते बिल परत दिलं होतं. बाबांनी परमिटवर "काम पूर्ण, वेळ १६.०५" असं लिहिलं, माझी सही घेतली, शिक्क्याकडे बघून समाधान व्यक्त केलं आणि स्वतःच्या हातानं स्विच वर केला. गाडी आवाज न करता सुरू झाली.

दुसऱ्या दिवशी रविवारी आम्ही लिव्हरमोरच्या शिव-विष्णू मंदिरात निघालो. बायको आणि मुलगी मागच्या गाडीत, मी आणि बाबा इनसाइटमध्ये. मिशन बुलेव्हार्डला मी कांडीला हात लावला नाही, कंजूष माणसासारखा सगळी बॅटरी राखली. सनोल ग्रेड सुरू झाला आणि मी कांडी पूर्ण पुढे लोटली. गाडी अशी निघाली की बाबांनी हँडल धरलं.

"थांब, थांब. सगळं आत्ताच दिलंस तर वर काय देशील? हे भारनियमन आहे. आधी पीक लोड कुठे आहे ते बघायचं."

अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे गिअर माझ्या उजव्या हाताला, म्हणजेच बाबांच्या डाव्या हाताला. पुढच्या वळणापर्यंत कांडी त्यांच्या अंगठ्याखाली गेली होती. काट्यावर नजर, तोंडानं "थोडं... थोडं... आता दे," आणि मला गिअर बदलायचा असेल तर विचारावं लागत होतं.

"बाबा, चौथा टाकू?"

"टाक."

माथ्यावर पोचलो तेव्हा चार काड्या शिल्लक होत्या. उताराला त्यांनी कांडी मागे ओढली आणि काड्या परत चढताना बघत राहिले. देवळाच्या पार्किंगमध्ये त्यांनी डायरी काढली. मी वाकून वाचलं. फ्रिजच्या नोंदींच्या खाली नवं पान होतं.

"९.५२ चढ सुरू. चिरंजीवांना वीज दिली.
९.५५ पुरवठा कमी केला. तक्रार नाही.
९.५८ चढ संपला. कुणालाही उतरावं लागलं नाही."