‘न्यूट्रलला टाका आणि मागे जोडा’ म्हणे! भाऊजी, असलं काही करू नका

परवा रात्री साडेदहाला डोंबिवलीहून ताईचा फोन. “रे, तुझे भाऊजी म्हणतत गाडी न्यूट्रलला टाकलां की झालां. ह्यां खरां काय?” गॅरेज बंद करून मी नुकता ताटावर बसलो होतो. काय न्यूट्रलला, कुठे झालं, काही कळेना. मग भाऊजींनी फोन घेतला आणि ‘तुला पाठवलंय, वाच’ म्हणाले.

वाचलं. तोपर्यंत तोच मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवरही येऊन पडला होता, खाली सतरा अंगठे. थोडक्यात असा: ‘अमेरिकेत लोक मोटारहोमच्या मागे आपली कार चारही चाकांवर जोडून नेतात. यंदा गणपतीला तुम्हीही न्या! कुठलीही कार न्यूट्रलला टाका. पुढची गाडी मोठी असल्याने वेगळा ब्रेक लागत नाही. मागे ड्रायव्हर लागत नाही, कायद्याने चालतं. जोडणी कोणताही वेल्डर पाच हजारात करून देतो. टोल आणि पेट्रोल वाचतं. बाप्पाची मूर्तीही मागच्या गाडीत निवांत!’

भाऊजींच्या ऑफिसातल्या चौघांनी मिळून कॅम्परव्हॅन भाड्याने ठरवली आहे. झोपायला फळ्या, छोटी शेगडी, संडास, सगळं आत. एवढी मोठी गाडी कुडाळात आली तरी आमच्या वाडीत शिरणार नाही, म्हणून फिरायला स्वतःची कार मागे जोडून आणायची. कल्पना वाईट नाही. कार मात्र सीव्हीटी ऑटोमॅटिक, म्हणजे ठरावीक गिअरऐवजी पट्ट्यावर चालणारी, हप्ते अजून चालू.

आधी जे खरं आहे ते मान्य करतो, नाहीतर भाऊजी म्हणतील मेव्हण्याला सगळ्यात खोट काढायची सवय. अमेरिकेत अशी गाडी नेतात, हे खरं. रँग्लर जीप तर त्यासाठी प्रसिद्धच. तिच्या ट्रान्स्फर केसला, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीला, स्वतःचा न्यूट्रल असतो. तो टाकला की चाकं आणि गिअरबॉक्स यांचा संबंध सुटतो, चाकं फिरली तरी गिअरबॉक्स जागच्या जागी. कंपनी तिच्या पुस्तकात ही पद्धत पायरीपायरीने लिहून देते. पण मेसेजमध्ये ‘कुठलीही कार’ असं लिहिलंय, आणि सगळा घोळ त्या ‘कुठलीही’मध्ये आहे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये तेल फिरवायला पंप असतो आणि तो पंप इंजिनाच्या बाजूने फिरतो. इंजिन बंद, की पंप बंद. आता गाडी मागून ओढली जातेय. चाकं फिरतात, चाकांबरोबर गिअरबॉक्सच्या आतले भागही फिरतात, पण तेलाचा दाब शून्य. लिव्हर ‘एन’वर आहे की आणखी कशावर, याचं आतल्या बेअरिंगला काही पडलेलं नसतं. सीव्हीटीत तर दोन पुलींमध्ये स्टीलचा पट्टा असतो आणि त्याची पकड आणि तेलपाणी सगळं त्याच दाबावर. भाऊजी, तुम्ही घरच्या मिक्सरमध्ये कोरडी सुपारी टाकून पनवेल ते कुडाळ चालू ठेवाल का?

पुरावा हवा असेल तर अमेरिकेचाच घ्या. होंडाची सीआर-व्ही तिथल्या मोटारहोमवाल्यांची लाडकी होती, कारण कंपनी स्वतःच ती ओढायला परवानगी देत होती, तीही इंजिन चालू करून गिअर कसे फिरवायचे याची नीट पद्धत सांगून. २०१५ च्या मॉडेलला सीव्हीटी आली आणि परवानगी गेली. गाडी तीच, कंपनी तीच, गिअरबॉक्स बदलला. ज्या देशाचा दाखला हा मेसेज देतो, तिथेच हे घडलंय.

दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे एक ऑटोमॅटिक गाडी आली होती, चाळीसेक किलोमीटर दोरीने ओढून. बिघाड होता फ्युएल पंपाचा, किरकोळ. मी गिअरबॉक्सचं तेल काढलं तर काळं, आणि वास असा की करपलेल्या आमटीची आठवण व्हावी. मालकाने विचारलं, “पण न्यूट्रलला होती ना?” होती. फ्युएल पंपाच्या बिलाखाली मग गिअरबॉक्सचं बिल लागलं आणि ते लिहिताना मलाच कसंतरी झालं.

मॅन्युअल गाडी असली तर? तिथेही सरसकट हो म्हणता येत नाही. मागची चाकं ओढणाऱ्या गाडीत न्यूट्रल टाकून इंजिन बंद केलं की गिअरबॉक्समधला खालचा शाफ्ट, लेशाफ्ट, थांबतो आणि तेल उडवायचं काम तोच करत असतो. वरचा शाफ्ट मग कोरडाच फिरतो. पुढची चाकं ओढणाऱ्या छोट्या गाड्यांत डिफरन्शियलची (दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या भागाची) मोठी चकती चाकांबरोबर फिरते आणि थोडंफार तेल उडवते, म्हणून त्यातल्या काहींना कंपन्या परवानगी देतात. एएमटी म्हणजे आतून मॅन्युअलच, फक्त गिअर टाकायला मोटर. पण शेवटी ‘काही’ गाड्यांनाच. तुमची गाडी त्यात आहे का, हे पुढच्या खणातल्या पुस्तकात लिहिलेलं असतं, जे पुस्तक गाडी घेतल्यापासून कोणी उघडलेलं नसतं. त्यात चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढू नका असं असेल, तर विषय संपला. इंजिन ज्यांना फिरवतं ती चाकं उचलणारी डॉली किंवा अख्खी गाडी चढवायचा ट्रेलर, हे दोनच मार्ग उरतात.

ब्रेक. यावर मी थोडा जास्त बोलणार आहे, कारण गिअरबॉक्स पैशाने मिळतो.

‘पुढची गाडी मोठी असते’ म्हणे. साडेतीन टनांची कॅम्पर, त्यात आठ माणसं, गॅसची टाकी, पाण्याची टाकी, चाकरमान्यांचं सामान. त्यामागे आणखी एक टन, ज्याला स्वतःचा ब्रेक नाही. म्हणजे आहे, पण तो पायाने दाबायला कोणी नाही. आणि ते एक टन जोडलंय कुठे? मागच्या चाकांच्याही मागे, शेपटीला. सरळ रस्त्यावर ते फक्त रेटतं. उतारावरच्या वळणावर पुढच्याने ब्रेक मारला की ते शेपटीला बाजूला रेटतं. खेडजवळच्या भोस्ते घाटातलं ते वळण मुंबई-गोवा रस्त्यावर वाढलेल्या कुणालाही सांगायला नको. भाद्रपदातला पाऊस, पुढे-मागे गणपतीची रांग, ब्रेक गरम होऊन मऊ पडलेले आणि मागून तुमचीच गाडी तुम्हाला ढकलतेय.

म्हणून जिथे हे नीट करतात तिथे ओढलेल्या गाडीच्या पेडलवर वेगळं ब्रेक-यंत्र बसवतात. पुढचा ब्रेक लागला की ते मागचा दाबतं. शिवाय जोड तुटलाच तर एक तार खेचली जाते आणि मागची गाडी आपोआप ब्रेक मारते. टो-बारखाली, म्हणजे दोन गाड्या जोडणाऱ्या दांड्याखाली, दोन साखळ्या कातरीसारख्या फुलीत टाकतात, म्हणजे बार निसटला तर तो रस्त्यात न रुतता साखळ्यांच्या झोळीत पडतो. दिव्यांसाठी वेगळी वायरिंग, मध्ये करंट एकाच दिशेने सोडणारे डायोड, नाहीतर पुढच्या गाडीचा करंट मागच्या गाडीच्या कामात लुडबुडतो. बार जवळजवळ आडवा राहील अशी दोन्हीकडची उंची जुळवतात. स्टीअरिंगचं लॉक उघडं ठेवतात, बॅटरी उतरणार नाही अशी सोय करतात. मेसेजमध्ये यातलं एक अक्षर नाही. ‘कोणताही वेल्डर’ एवढंच. बंपरच्या मागच्या पत्र्याला वेल्डिंग मारून लोखंडी कडी लावायची आणि त्यावर एक टन वजन घाटातून आणायचं. बार जिला जोडतात ती खरी बेसप्लेट त्या मॉडेलच्या चॅसीला बोल्टने बसते. आणि कॅम्पर भाड्याची आहे, तिच्या मालकाला विचारलंत का कोणी?

आता कायदा. मोटारहोमवाल्यांनी अमेरिका बघावी, आपण आपली नियमावली. १९८९ च्या रस्ता नियमांतला नियम २० पान-अर्ध्या पानाचाच होता. बंद पडलेली गाडी, अर्धवट जुळणीची गाडी, नोंदलेला ट्रेलर किंवा साइडकार, एवढंच ओढता येत होतं. गाडी ओढायची तीही जवळच्या गॅरेजपर्यंत किंवा पोच करण्यासाठी. स्टीअरिंगची चाकं जमिनीवर असतील तर ओढल्या जाणाऱ्या गाडीत लायसन्सवाला माणूस ड्रायव्हरच्या सीटवर हवा. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको, मागे ७५ मिलिमीटरच्या अक्षरांत ‘ऑन टो’ची पाटी हवी, आणि वेग ताशी २४ किलोमीटरच्या वर नको, असं त्यात होतं. २०१७ मध्ये त्यांच्या जागी नवे विनियम आले, पण ओढायची मुभा मुख्यतः बंद पडलेल्या गाडीलाच, हा गाभा तोच राहिला. तुमची गाडी बंद पडलेली नाही. (कुडाळात पोचेपर्यंत पडेल.) बरं, तो मुद्दा डोळ्याआड केला तरी जुन्या नियमातल्या २४ च्या वेगाने साधारण साडेचारशे किलोमीटरला जवळजवळ १९ तास लागतात, चहाला न थांबता. आणि ड्रायव्हर मागे बसवायचाच असेल तर त्याने गाडी चालवत का आणू नये, हे मला अजून कळलेलं नाही. गाडीच्या रचनेत फेरफार केलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, आणि अपघात झाला की विमावाल्याला तेच पहिलं आठवेल.

एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याला ठाऊकच नसावी: अशी जोडणी रिव्हर्स घेता येत नाही. चार-पाच फुटांत मागच्या गाडीची पुढची चाकं मनाला येईल तिकडे वळतात आणि बार वाकतो. आता आमच्याकडचा रस्ता डोळ्यांपुढे आणा. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, समोरून एसटी. एसटीवाला मागे जाणार नाही, तो कधीच जात नाही. तुम्ही उतरणार, पावसात, चिखलात, बारच्या पिना ओढणार, आणि त्या ताणात असताना निघत नाहीत. मागे पंधरा गाड्यांचे हॉर्न.

टोलचं तर बोलूच नका, गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्यांना सरकार गेली काही वर्षं टोलमाफीचे पास देत आलंय. पेट्रोल वाचतं ते कॅम्परच्या डिझेलमध्ये जातं.

कार आणायचीच असेल तर भाऊजी, कोकण रेल्वेने १९९९ पासून ट्रक वाहिलेत आणि २०२५ च्या गणपतीत रायगडातल्या कोलाडपासून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मोटारींसाठीही रो-रो, म्हणजे गाड्या चढवून नेणारी रेल्वे, चालवली. यंदा आहे का ते विचारा. नाहीतर दोघांपैकी एकाने कार चालवत आणा, ताई चांगली चालवते, तुमच्यापेक्षा बरी. तेही नको असेल तर कॅम्पर हायवेवर पेट्रोल पंपाशेजारी लावा, माझी जुनी मॅन्युअल घेऊन मी येतो.

आणि मूर्ती मागच्या गाडीतून आणायचा प्रश्नच नाही. आपला पाट नागपंचमीच्या आधीच गणपतीच्या शाळेत, मूर्ती घडवतात तिथे, देऊन झालाय.