बगळ्यांची खाणावळ

अंगणात तळं बांधताय? बांधा की. बेळगावात आमच्या टिळकवाडीतल्या परसात हा उद्योग दोन वर्षं चाललाय आणि एकही ढोकरी, म्हणजे तो छोटा बगळा, आजवर उपाशी परतलेली नाही. तेव्हा सांगायचा हक्क आहे माझा.

तळं वीतभरच खोल ठेवा, काठ उतरता. दोन-अडीच फूट खोल आणि सरळ भिंतींचं केलंत तर बगळ्यानं पाय कुठं टेकायचे? मधोमध सपाट दगड हवाच. फोटोत छान दिसतो, पाहुण्याला पाट होतो. कमळं लावू नका, तळाशी पाइपाचे तुकडेही नकोत. माशांना लपायची वाईट सवय लागते. खंड्यासाठी पाण्यावर एक वाळकी फांदी रोवून ठेवा. तिथूनच तो सूर मारतो आणि मासा आणून तिच्यावरच आपटतो.

मासे केशरीच घ्या. नितळ पाण्यात केशरी मासा म्हणजे खाणावळीची पाटी. बेळगावात पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून डोकी फुटतात, पण ही सगळ्यांना वाचता येते.

काठाभोवती गळाची दोरी ताणली की चालत येणारा बगळा अडखळतो म्हणे. पण आपल्याकडे रेघ ओढायचा विषय नाजूक. १९५६ची रेघ अजून सलते, दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्यात ढोकरीशी नवा सीमाप्रश्न कशाला? जाळं लावायचंच तर ढिलं लावा. मधे लोंबलं की वरूनच चोच घालता येते, आणि एखादी धामण अडकली तर सर्पमित्राशी ओळख होते.

प्लास्टिकचा बगळा मात्र जरूर आणा. मी खडेबाजारातनं आणला. एक उभा दिसला की दुसरा उतरत नाही, असं दुकानदार छातीठोकपणे म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला बघतो तर प्लास्टिकच्या शेजारी ढोकरी. मान खांद्यात, रंग मळक्या मातीचा, हालचाल शून्य. दोघांतलं विकतचं कुठलं, मलाच क्षणभर कळेना. मग मान सुटली, पाण्यात टिचकी मारल्यासारखा आवाज झाला आणि उडाली तेव्हा पंख पांढरेशुभ्र! गच्चीवरून शेजारच्या काकू ओरडल्या, "काय बघालास रे, गेलं की ते!"

दगड मारायचा विचारही करू नका. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा तिच्या बाजूनं आहे, आणि तो दोन्ही राज्यांत सारखाच लागू होतो. निदान एका बाबतीत तरी.

सध्या आमच्याकडे एकच मासा उरलाय, काळा. चिखलात दिसतच नाही बिचारा. "एकटा पडलाय, बाबा," लेक काल म्हणाली, "त्याला चार केशरी आणूया."

ढोकरी कुंपणाच्या भिंतीवरच बसली होती.