खुलासा: ‘.हिडन’ फाइलमुळे कुलूप लागत नाही

‘लिनक्समध्ये फोल्डरात “.हिडन” नावाची फाइल करा, तिच्यात फाइल्सची नावं लिहा, मग पासवर्डशिवाय कुणालाच त्या उघडता येणार नाहीत’ असा मेसेज फिरतोय. त्यातलं पहिलं अर्धं बरोबर आहे, म्हणूनच तो पटतो.

मी स्वतः करून पाहिलं. टिंबाने सुरू होणारी ती फाइल (नाव अर्थात इंग्रजी लिपीत) बनवली, एका ओळीत एक नाव लिहिलं, एफ ५ दाबलं. नॉटिलस या फाइल मॅनेजरमधून (फाइल्स दाखवणाऱ्या प्रोग्राममधून) फाइल्स गायब! पण कंट्रोल-एच दाबताच सगळ्या परत हजर, पासवर्ड वगैरे काही विचारलं नाही. टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडकीत) फाइल्सची नावं दाखवणारं साधं ‘एलएस’ दिलं तर काहीच न दाबता दिसल्या, कारण ‘.हिडन’मधली यादी फक्त फाइल मॅनेजर वाचतो, ‘एलएस’ तिच्याकडे बघतही नाही. फाइलच्या नावाआधीच टिंब लावलं तर ‘एलएस’ही ती वगळतं, पण ‘एलएस -ए’ दिलं की तीही दिसते.

यादी त्या एकाच फोल्डरपुरती चालते, आतल्या फोल्डरांना लागू होत नाही. ‘*.टीएमपी’सारखं (म्हणजे ‘.टीएमपी’ने संपणाऱ्या सगळ्या फाइल्स) लिहूनही उपयोग नाही, पूर्ण नावच लागतं. पसारा झाकायला मात्र सोय झकास आहे, मी ती वापरतोच.

खासगी कागदपत्रं असतील तर एन्क्रिप्शन करा, म्हणजे पासवर्ड किंवा किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत अशी सांकेतिक करून ठेवा. नुसत्या परवानग्या बदलल्या तरी ॲडमिनला फाइल्स उघडता येतातच.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. आधीच पाठवला असेल, तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.