श्याम रामसे यांना नक्कलबहाद्दर म्हणणाऱ्यांना उत्तर

हिंदी भयपट काढणाऱ्या रामसे बंधूंचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरू लागतो. त्याचा सारांश असा: श्याम रामसे हे दिग्दर्शक नव्हतेच. इंग्रजी भयपट उचलायचे, एकाला रबरी मुखवटा चढवायचा, मध्ये नायिकेच्या अंघोळीचं दृश्य घालायचं, की झाला सिनेमा. कसब काही नाही, आणि टीव्ही आला तसा कारभार आटोपला. वर एक कौतुकही जोडलेलं असतं, की हिंदीत भुताचे सिनेमे मात्र यांनीच सुरू केले. यातली निंदा जितकी चुकीची, तितकंच ते कौतुकही.

कौतुकाचं आधी बघू. कमाल अमरोहींचा ‘महल’ १९४९चा आहे. ‘बीस साल बाद’ १९६२चा, ‘वह कौन थी’ १९६४चा. पडक्या वाड्यातला आवाज, धुक्यातली पांढऱ्या साडीतली बाई, हे सगळं रामसेंच्या आधीच पडद्यावर येऊन गेलं होतं. पण त्या चित्रपटांत शेवटी भूत नसतंच. कुणाचा तरी कट असतो, कुणाचं तरी सोंग असतं. श्याम आणि तुलसी रामसे यांनी ही पळवाट बंद केली. त्यांच्या ‘पुराना मंदिर’मधला सैतान सामरी खरोखरच असतो. त्याचा खुलासा होत नाही, त्याला मारावं लागतं. त्यांचं खरं नवेपण इथे आहे, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही.

आता ‘कसब नाही’ हा आरोप. वडील एफ. यू. रामसे यांचा कराचीत रेडिओचा धंदा होता. फाळणीनंतर कुटुंब मुंबईत आलं. मग वडील चित्रपटनिर्मितीकडे वळले. त्यांच्या ‘रुस्तम सोहराब’चे (१९६३) दिग्दर्शक होते आपले विश्राम बेडेकर, हे मराठी वाचकांनाही फारसं ठाऊक नसतं. १९७०चा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हाही बेडेकरांचाच. तो पडला. पण त्यात एक प्रसंग होता: पृथ्वीराज कपूर भेसूर मुखवटा चढवून चोरीला येतात आणि पोलिसांच्या गोळ्यांचा त्यांच्यावर काही परिणाम होत नाही. थिएटरात बसून तुलसी आणि श्याम यांनी पाहिलं, की एरवी चुळबुळ करणारा प्रेक्षक तेवढ्या प्रसंगाला खुर्चीत ताठ होतो. पडलेल्या चित्रपटातून एवढी एकच गोष्ट वेचायची आणि तिच्यावर पुढचं सगळं उभं करायचं, याला नजर लागते. घरचे पैसे बुडालेले असताना तर जास्तच.

प्रशिक्षणाचं म्हणाल, तर भावंडांनी काश्मीरमध्ये हाऊसबोटीवर मुक्काम करून जोसेफ मॅसेली यांच्या छायाचित्रणावरच्या पुस्तकाचा अभ्यास केला होता. पुढे सातही भावांनी कामं वाटून घेतली. कुमार लेखनाला, गंगू कॅमेऱ्याला, किरण ध्वनीला, अर्जुन संकलनाला, केशू निर्मितीच्या बाजूला, आणि तुलसी-श्याम दिग्दर्शनाला. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ हा त्यांचा भयपट आला तेव्हा श्याम विशीत होते. मुंबईत सेट उभारण्याऐवजी छोटं युनिट घेऊन मंडळी महाबळेश्वरला गेली आणि तिथल्या विश्रामगृहात राहून चित्रीकरण केलं. धुकं आणि एकांत आयता मिळाला. याला स्वस्तात उरकणं म्हणायचं असेल तर म्हणा. मी याला निर्मितीची अक्कल म्हणतो.

सगळ्यात गंभीर आरोप नकलेचा, आणि त्यात तथ्य आहे. रामसेंचा ‘महाकाल’ हा ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ या अमेरिकन भयपटावरून घेतलेला आहे, पंजाला पात्यांचा हातमोजा घातलेला, स्वप्नात येणारा खुनी पाहिल्यावर वाद उरतच नाही. इतरत्रही उचललेली दृश्यं सापडतात. पण एका ‘महाकाल’वरून सगळं काम निकालात काढणाऱ्यांनी १९८४चा ‘पुराना मंदिर’ नीट पाहावा. एक राजा त्या सामरीचा शिरच्छेद करवतो. धड एकीकडे पुरलं जातं, मुंडकं हवेलीत पेटीत बंद होतं. मरताना सामरी शाप देतो, की या घराण्यातली प्रत्येक बाई बाळंतपणात मरेल. दोनशे वर्षांनी त्याच घराण्यातला बाप मुलीच्या प्रेमाला आडवा येतो. वरवर हा हिंदी सिनेमातला नेहमीचा करडा ठाकूर. पण त्याचा विरोध जावई पसंत नाही म्हणून नाही; लग्न म्हणजे मुलीचा मृत्यू हे त्याला ठाऊक आहे म्हणून आहे. बाळंतपणात बाई दगावण्याची धास्ती आपल्याकडच्या कुठल्या घराने अनुभवलेली नाही? ती भीती, त्यात ठाकुराच्या पूर्वजांचं पाप आणि शंकराचा त्रिशूळ, हे परदेशी चित्रपटातून उचलता येत नाही. तो चित्रपट त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला, यात मला नवल वाटत नाही.

आणि तो रबरी मुखवटा! सामरी झालेल्या अजय अगरवाल यांचा लांबट चेहरा आणि उंच देह हीच रामसेंची मोठी मिळकत होती. गंगू रामसेंचा कॅमेरा खाली ठेवलेला, प्रकाश निळा किंवा लाल आणि तोही खालून येणारा, त्यामुळे डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडलेल्या. आधी दाराची करकर, मग सावली, आणि मग तो चेहरा. हा क्रम ठरवणं म्हणजेच दिग्दर्शन. मध्येच येणारे विनोदी तुकडे मात्र मलाही असह्य होतात. जगदीप यांची गब्बरवरची नक्कल भीतीची सगळी बांधणी सैल करते, आणि हा दोष दिग्दर्शकांचाच.

अंगप्रदर्शनाबद्दल फार बोलायला नको. होतं, आणि तिकिटं विकायलाच होतं. पण नुसत्या त्याच्यावर चित्रपट चालत असते तर त्या काळात तसलं दाखवणाऱ्या बाकीच्यांचीही नावं आज लोकांच्या तोंडी असती.

‘टीव्ही आला आणि संपले’ हा दावा तर उलटाच आहे. १९९३ साली ‘झी हॉरर शो’ रामसेंनीच सुरू केला आणि तो अनेक वर्षं चालला. जे प्रेक्षक थिएटरात रामसेंच्या ‘वीराना’ला गेले नव्हते, त्यांच्या घरात भीती पोचली ती याच मालिकेतून. त्यानंतरही श्याम थांबले नाहीत. २००३मध्ये ‘धुंद’, २००७मध्ये ‘घुटन’, आणि २०१४मध्ये, साठी उलटल्यावर, ‘नेबर्स’. हे चित्रपट फारसे जमले नव्हते. तुलसी २०१८च्या डिसेंबरात गेले, श्याम १८ सप्टेंबर २०१९ला, वयाच्या ६७व्या वर्षी. म्हणजे ‘दो गज’पासून ‘नेबर्स’पर्यंत ४२ वर्षं या माणसाने भयपटाची वाट सोडली नाही.